घरी आल्यावरचे नव्वद दिवस



या अंकात पावसाळ्यातल्या पिण्याच्या पाण्याबद्दल लिहायचे ठरवले होते. पण सोमवारच्या टपालात एक पत्र आले आणि पाण्याचा विषय पुढच्या अंकावर गेला. पत्र एका बहिणीचे आहे. नाव आणि गाव छापू नका, असे तिने दोन ठिकाणी लिहिले आहे. छापत नाही, ताई. तुमचा प्रश्न मात्र सगळ्यांपुढे ठेवतो, कारण तो तुमच्या एकटीचा नाही.

हकिकत थोडक्यात अशी. घरी साडेतीन एकर ऊस, दोन म्हशी, दोन मुले आणि सासूबाई. मालक दारू सोडण्याच्या उपचारासाठी केंद्रात आहेत. ही दुसरी खेप. मागच्या वेळी संक्रांतीनंतर असेच बरे होऊन घरी आले. दोन महिने घोटभरही घेतली नाही. पहाटे उठून धारा काढत होते, संध्याकाळी मुलीला पाढे म्हणायला लावत होते. मग उसाचे बिल जमा झाले. पैसे काढायला तालुक्याला गेले, तो नेमका बाजारचा दिवस. रात्री दोन माणसांनी धरून घरी आणले. तिथून पुन्हा सगळे पहिल्यासारखे.

आता आषाढात ते परत घरी येतील. ताई लिहितात, “सासूबाई म्हणतात त्याच्या मनातच सोडायची नाही. मला पण कधी कधी तसंच वाटतं. डॉक्टर म्हणाले घरी आल्यावर सांभाळा. काय सांभाळायचं ते कुणी सांगितलं नाही. माणूसच तसा आहे का अजून काही आहे, एवढं सांगा.”

ताई, अजून काही आहे. ते काय आहे हेच आज सांगतो.

बैलगाडीचे दिवस ज्यांनी पाहिले त्यांना आठवत असेल, बाजार करून परतताना गाडीवानाला डुलकी लागायची, तरी गाडी बरोबर दारात येऊन उभी राहायची. रस्त्यात चाकांची चाकोरी पडलेली आणि बैलांना वाट पाठ. गाडीवान जागा असेल आणि कासरा त्याच्या हातात घट्ट असेल, तरच गाडी वेगळ्या वाटेला लागते. दारूच्या माणसाच्या डोक्यात असेच काहीसे झालेले असते. मेंदूत खोलवर एक जुना भाग आहे. काय केल्याने बरे वाटले, ते पुन्हा कुठे मिळेल, याची नोंद ठेवणे हे त्याचे काम. तो आपला बैल समजा. आणि कपाळाच्या मागे जो भाग आहे, जो पुढचा विचार करतो, नको म्हणतो, थांब म्हणतो, तो गाडीवान. वर्षानुवर्षे दारू पोटात गेली की बैलांची वाट पक्की होते आणि गाडीवानाचे हात सैल पडतात. केंद्रात राहून अंगातली दारू निघून जाते, पण चाकोरी महिन्याभरात बुजत नाही.

ही चाकोरी कशी पडते ते शास्त्रज्ञांनी माकडांवर पाहिले आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ नावाच्या शास्त्रज्ञांनी स्वित्झर्लंडमध्ये हे प्रयोग केले. माकडाच्या तोंडात गोड रसाचा थेंब पडला की मेंदूतल्या काही पेशी एकदम जाग्या होतात. या पेशी डोपामिन नावाचे रसायन सोडतात. पुढे थेंब देण्याच्या जरासे आधी एक खूण दाखवायला सुरुवात केली. काही दिवसांत असे झाले की पेशी थेंबाला जाग्या होईनात, नुसत्या खुणेलाच होऊ लागल्या. आणि खूण दाखवून थेंब दिलाच नाही, तर त्याच पेशी नेहमीपेक्षाही गप्प पडायच्या. १९९७ साली शुल्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर लिहिलेला निबंध फार गाजला.

आता उसाच्या बिलाचा दिवस आठवा. बँकेची खिडकी, हातात नोटांचे पुडके, बाजाराचा गलका, भज्यांचा वास, ओळखीची हाक. इतकी वर्षे या सगळ्यानंतर ग्लास समोर आला आहे. म्हणजे दुकानाचे दार दिसण्याच्या आधीच आतले बैल चालू लागलेले होते. घरून निघताना पिण्याचा बेत असेलच असे नाही. तुमचे मालक म्हणत असतील, “कसं झालं मला कळलंच नाही,” तर त्यात निम्मी तरी खरी गोष्ट आहे. उरलेली निम्मी त्यांची जबाबदारी आहे. ती त्यांनीच उचलायची, तिथे मी त्यांना सूट देत नाही.

“कळलंच नाही” याचाही एक पुरावा आहे. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात ॲना रोझ चाइल्ड्रेस नावाच्या बाईंनी कोकेनच्या व्यसनातून उपचारासाठी आलेल्या पुरुषांच्या मेंदूची चित्रे घेतली. त्यांना पडद्यावर कोकेनशी संबंधित चित्रे दाखवली, पण इतकी झरकन, की सेकंदाचा साधारण तिसावा भाग. डोळ्याला काही दिसले असे वाटतसुद्धा नाही. तरीही मेंदूतला तो जुना, खोल भाग जागा झालेला चित्रात दिसला. हे काम २००८ साली प्रसिद्ध झाले. माणसाला दिसायच्या आधी त्याच्या मेंदूला दिसते, असा याचा अर्थ.

आता मुख्य गोष्ट. डॉक्टर ज्याला “सांभाळा” म्हणाले, त्यातले जे सहसा कोणी सांगत नाही, ते हे आहे.

२०१३ साली अमेरिकेतल्याच येल विद्यापीठातून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. डाँगजू सिओ, राजिता सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला. दारूच्या उपचारात असलेली, चार ते आठ आठवडे दारूला न शिवलेली ४५ माणसे त्यांनी घेतली. म्हणजे नेमकी तुमच्या मालकांसारखी, घरी जायच्या उंबरठ्यावरची. प्रत्येकाला त्याच्याच आयुष्यातले प्रसंग कल्पनेत उभे करायला लावले. एक प्रसंग मनाला त्रास देणारा, एक दारूचा, आणि एक अगदी निवांत. त्या वेळी मेंदूचा कुठला भाग किती काम करतो ते एम.आर.आय. यंत्रावर टिपले. मग ही माणसे घरी गेली आणि नव्वद दिवस त्यांची खबर ठेवली.

तुम्हा-आम्हाला वाटेल, दारूचा प्रसंग आठवताना ज्याचा मेंदू जास्त पेटला तोच पुन्हा प्यायला असेल. तसे निघाले नाही. जी माणसे लवकर घसरली त्यांच्यात वेगळीच गोष्ट दिसली. निवांत प्रसंग आठवतानासुद्धा त्यांच्या मेंदूचा पुढचा भाग शांत होत नव्हता, उलट जोरात चालू होता. आणि त्रासाचा प्रसंग आला, जिथे त्या भागाने उठून काम करायला हवे, तिथे तो मंद पडत होता. व्यसन नसलेल्या माणसात याच्या उलट असते. आपल्या भाषेत सांगायचे तर गाडीवान सावलीत बसला तरी कासरा ओढतोच आहे, आणि गाडी उताराला लागल्यावर त्याच्या हातात जोर उरलेला नाही. ज्यांच्या मेंदूत हा बिघाड होता ते पुन्हा दारूकडे जाण्याची शक्यता इतरांच्या आठपट निघाली.

माझे स्पष्ट मत आहे की या आकड्याने घाबरून जाऊ नये. ४५ माणसे म्हणजे फार नव्हेत. असल्या यंत्राने कोणी तुमच्या मालकांना “हा टिकेल, हा टिकणार नाही” असा दाखला देऊ शकत नाही, आणि कोणी त्यासाठी पैसे मागितले तर देऊ नका. पण या अभ्यासाने एक गोष्ट डोळ्यांसमोर आणली. घरी आलेला माणूस ओट्यावर बसलेला दिसतो, तेव्हा घरच्यांना वाटते, आराम करतोय. आतून त्याला आराम मिळत नसतो. त्याची झोप तुटते, बारीक आवाजाने चिडतो, उगीच येरझाऱ्या घालतो, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टीत जीव रमत नाही. ही ढोंगे नव्हेत. आणि “महिनाभर बसून खाऊन आलास, आता काय धाड भरली” हे वाक्य अशा वेळी फार महागात पडते. सासूबाईंनाही हे वाचून दाखवा. त्यांचा राग मला कळतो. मुलाचे हाल पाहिलेल्या आईचा तो राग आहे.

हा बिघाड कायमचा नसतो. दारू थांबली की मेंदू हळूहळू सावरतो, पण त्याला आठवडे नव्हे, महिने लागतात. १९७१ साली हंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दारू, तंबाखू आणि हेरॉइन सोडणाऱ्यांचे आकडे एकत्र मांडले, तर तिन्हींची घसरण जवळजवळ सारखीच निघाली. जे घसरतात त्यांतले बहुतेक पहिल्या तीन महिन्यांतच. नंतर हा उतार कमी होत जातो. तुमचे मालक मागच्या खेपेला दोन महिन्यांनी घसरले ते याच टप्प्यात.

तेव्हा ताई, भिंतीवरचे कॅलेंडर काढा. मालक येतील त्या तारखेपासून नव्वद दिवस मोजा. आषाढात येतात म्हणजे यात आखाडाची मटणाची जेवणे आली, गटारी आली, पोळा आला, गणपती आले, कदाचित दसराही. यांतला कोणता दिवस तुमच्या गावात कसा जातो ते मी सांगायला नको. गटारीच्या दिवशी ते गावात असूच नयेत असे काही जमते का पाहा. तुमचा भाऊ किंवा त्यांची बहीण परगावी असेल, तर त्या दोन दिवसांसाठी सगळ्यांनी मिळून जा. पोळ्याला बैल सजवण्यापासून मिरवणुकीपर्यंत मुलगा त्यांच्याबरोबर राहू दे. पहारा म्हणून नको, मदतीला म्हणून.

जागेचे महत्त्व किती, याचे एक उदाहरण सांगतो. अमेरिकेचे सैन्य व्हिएतनाममध्ये लढत होते तेव्हा तिथे हेरॉइन स्वस्त होते आणि पुष्कळ सैनिक त्याच्या आहारी गेले. १९७१ साली परतलेल्या सैनिकांचा ली रॉबिन्स या बाईंनी अभ्यास केला. सुमारे पाचातला एक जण तिथे व्यसनी झाला होता. सरकारला धसका बसला होता की ही पोरे घरी येऊन काय करतील. पण घरी आल्यावर पहिल्या वर्षात त्या व्यसनींपैकी शंभरातले साधारण पाचच पुन्हा अडकले. इतर कारणेही असतील, पण ती जागा, ते सोबती, तो माल, सगळे समुद्रापार राहिले हे मोठे कारण होते.

आपल्या माणसाचे याच्या अगदी उलट आहे. त्याला आपण केंद्रात शहाणा करतो आणि मग आणून सोडतो नेमके त्याच वेशीत, त्याच टपरीसमोर. गाव काही बदलता येत नाही. वाट मात्र बदलता येते. संध्याकाळी डेअरीला दूध घालायला जाणारा रस्ता दुकानावरून जातो का? जात असेल तर तीन महिने दूध दुसऱ्या कोणी घालावे, किंवा लांबचा रस्ता धरावा. संध्याकाळी सहा ते नऊ हे तास रिकामे ठेवू नका. भुकेल्या पोटी, रागात, एकटे आणि थकलेले, या चार अवस्थांत माणूस लवकर घसरतो असे व्यसनमुक्तीतले जुने जाणते सांगतात. म्हणून दिवेलागणीलाच पोटभर जेवण द्या. रात्रीच्या पाण्याची पाळी शक्य तर पहिले तीन महिने त्यांच्यावर नको. जागरण आणि शिवारातले एकटेपण, दोन्ही वाईट.

पैशाचे बोलणे अवघड असते, पण ते आधीच करा. बिल जमा होण्याच्या दिवशी नको. मालक शुद्धीवर आणि शांत असताना त्यांनाच विचारा, “या वेळी बिल काढायला आपण दोघं जाऊ, चालेल का?” बाजारचा दिवस सोडून दुसरा दिवस धरा. हे त्यांच्यापासून लपवून करू नका. लपवलेली गोष्ट उघडी पडली की भांडण होते, आणि भांडण हीसुद्धा एक चाकोरीच आहे.

गावातल्या मंडळींनाही दोन शब्द. केंद्रातून कोणी परतला की टपरीवर पैजा लागतात, किती दिवस टिकतोय म्हणून. मी स्वतः ऐकल्या आहेत. कोणी मुद्दाम ग्लास पुढे करतो, “एका घोटानं काय होतंय!” त्या एका घोटाने काय होते ते वर लिहिले आहे. ज्याला बैलांची वाट माहीत आहे त्याने चेष्टेतसुद्धा कासरा ओढू नये.

औषधांचे म्हणाल तर ओढ कमी करणारी औषधे आहेत, नाल्ट्रेक्सोन, ॲकॅम्प्रोसेट अशी त्यांची नावे. कोणाला कोणते चालेल ते डॉक्टर ठरवतात. केंद्राने गोळ्या दिल्या असतील तर बरे वाटते म्हणून मध्येच बंद करू नका. डायसल्फिरॅम नावाची आणखी एक गोळी आहे. ती चालू असताना दारू घेतली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब घसरतो आणि जिवावरही बेतू शकते. ती फक्त माणसाला सांगून, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यायची असते. चहात, भाजीत गुपचूप कालवायची पूड कोणी विकत असेल, तर ती पूड घरात आणू नका. किती बायकांनी डोरले गहाण ठेवून असल्या पुड्या आणल्या आहेत!

आणि एक गोष्ट, जी पत्रात तुम्ही विचारलेली नाही. फवारणीची औषधे घरात कुठे ठेवता? गोठ्यात, खाटेखाली, देवळीत? ती कुलपात ठेवा आणि किल्ली तुमच्याजवळ ठेवा. घसरलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी शरमेने अर्धमेला झालेला असतो. त्या तासात हाताशी काय असते यावर फार अवलंबून आहे.

समजा, एवढे करूनही ते एक दिवस पिऊन आले. मग? त्या रात्री काही बोलू नका. मारहाणीची भीती असेल तर मुलांना घेऊन शेजारी जा, त्यात कमीपणा नाही. सकाळी केंद्राला फोन करा, त्याच दिवशी, चार दिवस वाट न बघता. मॅक्लेलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली दाखवून दिले की उपचारानंतर वर्षभरात शंभरातले चाळीस ते साठ लोक पुन्हा घसरतात, आणि मधुमेह, रक्तदाब, दमा यांच्या रुग्णांतही आजार असाच उलटताना दिसतो. साखर वाढली म्हणून आपण सासऱ्यांना “तुमच्या मनातच बरं व्हायचं नाही” असे म्हणत नाही, डॉक्टरांकडे नेतो. एक दिवसाची घसरण एका दिवसात थांबली, तर मागचे दोन महिने वाया जात नाहीत. पण पुन्हा रोजचे पिणे सुरू झाले असेल, तर घरच्या घरी एकदम बंद करायला लावू नका. हात थरथरणे, भास होणे, झटके येणे असे धोके असतात. त्याला दवाखानाच हवा.

फोनचे म्हणाल तर व्यसनासाठी सरकारचा १४४४६ हा क्रमांक आहे आणि मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६. दोन्हींना पैसे पडत नाहीत. पुण्यात पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीतून १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले. तिथे पहिल्यापासून घरच्या माणसांनाही उपचारात धरले गेले. तुमच्या मालकांच्या केंद्रातही पत्नींची सभा भरते का, ते विचारा. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा पुष्कळ तालुक्यांच्या गावी होतात, आणि घरच्यांसाठी अल-ॲनॉनच्याही. मालकांनी जावे, तसे तुम्हीही जा. तुमचाही मेंदू गेली कित्येक वर्षे रात्री दाराच्या कडीकडे कान लावून बसला आहे. त्यालाही निवांतपणा माहीत राहिलेला नाही.

आणि ते प्यायले तर तो दोष तुमचा नाही. रस्ता बदलला नाही म्हणून प्यायले, जेवायला उशीर झाला म्हणून प्यायले, असे कोणालाही म्हणू देऊ नका. मी वर लिहिले ते तुमचे ओझे वाढवायला नाही. कासरा त्यांच्याच हातात आहे. आपण फार तर रस्त्यातले दगड काढू.

मालकांना आणायला कोण जाणार आहे ते पत्रात नाही. एकट्याने येऊ देऊ नका. तुम्ही जा, जमल्यास मुलीला घेऊन जा. सकाळची एस. टी. धरा, म्हणजे दिवस असताना घरी पोचाल, आणि स्टँडवर उतरल्यावर बाजारपेठेतून न येता वरच्या रस्त्याने या. पोळा झाल्यावर एक पत्र टाका. नाव नको, फक्त “ऊसवाली ताई” लिहिले तरी मला कळेल.